ऐकू येते, पण कळत नाही!

कानाची तपासणी ‘नॉर्मल’ आणि तरीही गर्दीत समोरच्याचे बोलणे समजत नाही, अशी तक्रार केली की घरचे लोक ‘तुझे लक्षच नसते’ असे म्हणून मोकळे होतात. पण दोष लक्षाचाच असतो, असे नाही.

समजा, साताऱ्याकडचे एक कुटुंब काशीयात्रेला गेले आहे. आजी, मुलगा, सून आणि दोन नातवंडे. विश्वनाथाचे दर्शन झाले, मणिकर्णिकेला हात जोडून झाले आणि मंडळी शेजारच्या शिंदे घाटावर आली. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी १८३० मध्ये बांधविलेला हा घाट. काशीला आलेला मराठी माणूस येथे थोडा रेंगाळतोच. पाण्यात कललेले रत्नेश्वर महादेवाचे मंदिर मुले बोट दाखवून पाहत आहेत. आजी वरच्या पायरीवर टेकल्या आहेत.

घाट शांत मात्र नाही. मणिकर्णिकेकडून ‘राम नाम सत्य है’चा घोष येतो आहे. वरच्या गल्लीतून संकटादेवीच्या देवळातली घंटा, पाण्यातून मोटारबोटींची इंजिने, नावाड्यांची भावाची घासाघीस, कोणाच्या तरी मोबाइलवरचे भजन. त्यात पायऱ्या दगडी आणि मागच्या भिंती उंच, त्यामुळे प्रत्येक आवाज आपटून पुन्हा परत येतो.

दहा-बारा पायऱ्या खाली उभा असलेला नवरा मान वर करून म्हणतो, “काठाला ये!”

पंचेचाळिशीच्या सूनबाईंना त्याचा आवाज ऐकू येतो. अगदी स्पष्ट येतो. पण शब्द?

“अहो, काय? खाट?”

“काठ! काठ!”

सूनबाई हातातल्या पिशवीकडे पाहतात. पिशवीची गाठ तर घट्ट आहे. मुले खो खो हसतात. नवरा वैतागून चार पायऱ्या वर येतो आणि म्हणतो, “लक्ष कुठे असते गं तुझे?”

काठ, खाट, गाठ, घाट. गंमत म्हणून हा प्रसंग चार दिवस घरात सांगितला जाईल. पण तेवढ्यात मागून कोणी “हटिए, हटिए!” असे ओरडत ओझे घेऊन उतरत असता, तर ओरडणे कोठून आले हे सूनबाईंना कळले असते का? शेवाळलेल्या पायरीवर हा प्रश्न गमतीचा राहत नाही.

रिपोर्ट चांगला, पण...

गावी परतल्यावर सूनबाई कानाच्या डॉक्टरांकडे जातात. कानात मळ नाही, पडदा ठीक आहे. मग त्यांना आवाजबंद खोलीत बसवून कानांवर हेडफोन चढवतात. बारीक ‘टूं’ असा आवाज आला की बटण दाबायचे. २५० हर्ट्झच्या जाड आवाजापासून ८००० हर्ट्झच्या किणकिणाटापर्यंत प्रत्येक स्वराला सर्वांत हळू कोणता आवाज ऐकू आला, त्याचा आलेख काढतात. हाच ऑडिओग्राम. ही रेघ साधारणपणे २० ते २५ डेसिबलच्या आत राहिली की कान चांगले समजतात. सूनबाईंची रेघ तर १०-१५च्या आसपास आहे.

“कान उत्तम आहेत तुमचे,” असे त्यांना सांगितले जाते.

बातमी आनंदाची. पण घरी तिचा अर्थ निराळाच लागतो. “बघ, मी म्हणत होतो ना! कान ठणठणीत आहेत. तुझे लक्षच नसते.” आतापर्यंत जो नुसता आरोप होता, त्याला आता कागदाचा पुरावा मिळाला. कान खराब निघाले असते तर निदान सहानुभूती तरी मिळाली असती!

यानंतर अशी माणसे काय करतात? भिशीला जाणे कमी करतात. लग्नाच्या पंगतीत सगळे हसले की आपणही हसतात. फोन नवऱ्याच्या हाती देतात. दिवसभर ताण देऊन ऐकल्यामुळे संध्याकाळी डोके उतरते, तेव्हा कोणी ‘पित्त असेल’ म्हणते. हळूहळू ‘तिला माणसांची आवड नाही’ असा शिक्का बसतो. हे सगळे त्या ‘नॉर्मल’ कागदासकट घडते.

तो कागद खोटा नव्हता. त्याने एकाच प्रश्नाचे उत्तर दिले होते : शांततेत किती हळू आवाज तुम्हाला ऐकू येतो? सूनबाईंचा प्रश्न वेगळा होता : गोंगाटात एक माणूस काय बोलतो, ते मला का कळत नाही? एकट्या ऑडिओग्रामकडून या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

तक्रार जुनीच

ही तक्रार आजची नाही. कान चांगले असूनही गर्दीत न समजणाऱ्या रुग्णांविषयी विसाव्या शतकाच्या मध्यापासूनच वैद्यकीय क्षेत्रात लिहिले गेले. १९५३ मध्ये कॉलिन चेरी या इंग्लंडमधील संशोधकाने तर निरोगी माणसालाच प्रश्न विचारला : मेजवानीत दहा जण एकदम बोलत असताना आपण एकाचेच बोलणे कसे वेचून काढतो? त्याला त्याने ‘कॉकटेल पार्टीचा प्रश्न’ म्हटले. आपण मंगल कार्यालयाचा प्रश्न म्हणू.

चेरीने लोकांच्या दोन कानांत दोन वेगळी भाषणे सोडली. एका कानातले भाषण ऐकत ऐकत म्हणून दाखवायला सांगितले, ते लोकांनी सहज केले. पण दुसऱ्या कानातले भाषण मध्येच इंग्रजीतून जर्मनमध्ये बदलले, तरी ते त्यांच्या ध्यानातही आले नाही! दोन्ही आवाज कानापर्यंत पोचत होते, निवड मेंदू करीत होता.

ही निवड करायला मेंदूला दोन्ही कान लागतात. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानावर आधी आणि डाव्यावर किंचित उशिरा पोचतो. हा फरक फार तर सेकंदाच्या एक हजारांशाच्या पाऊण भागाइतका असतो. एवढ्याशा फरकावरून मेंदू ठरवतो की हा आवाज नवऱ्याचा, तो नावाड्याचा आणि मागचा इंजिनाचा. कानाकडून येणाऱ्या संदेशात जरा जरी ढिलाई आली, तरी ही वाटणी बिघडते. मग सगळे आवाज एकाच रस्सा-भाजीसारखे एकत्र होतात.

आणि मराठीची स्वतःची अडचण आहेच. ‘काठ’, ‘खाट’, ‘गाठ’, ‘घाट’ या चारही शब्दांच्या मध्ये ‘आ’ आहे. हा स्वर दणदणीत असतो, तो गोंगाटातूनही पोचतो. म्हणूनच “आवाज तर येतो” असे सूनबाई खरेच सांगतात. शब्द वेगळा करतात ती व्यंजने. ‘क’चा ‘ख’ होतो तो श्वासाच्या एका फुंकरीने, आणि ती फुंकर सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आत संपते. इंजिनाच्या एका धडधडीत ती बुडाली की शब्द गेला. पळ आणि फळ, बात आणि भात, ताट आणि थाट यांचेही तसेच.

काशीत भर पडते ती परक्या भाषेची. आपल्या भाषेत अर्धा शब्द बुडाला तरी मेंदू संदर्भाने तो भरून काढतो. नंतर शिकलेल्या भाषेत हे भरून काढणे तितके जमत नाही, त्यामुळे चांगले हिंदी समजणाऱ्या मराठी माणसालाही गोंगाटात नावाड्याची बनारसी बोली जड जाते. त्याला कानाचा दोष म्हणायचे कारण नाही. मात्र घरच्या मराठीतही असेच होऊ लागले, तर विचार करावा.

कानातल्या दोन पाळ्या

आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी एक नळी असते. तिच्यात ऐकण्याचा संदेश मेंदूकडे पाठविणाऱ्या केसपेशी असतात सुमारे साडेतीन हजार. आवाज वाढवून देणाऱ्या दुसऱ्या केसपेशी आहेत साधारण बारा हजार. या पेशींपासून मेंदूकडे जाणारे मज्जातंतू सुमारे तीस हजार. एकेका संदेशवाहक पेशीला दहा-वीस तंतू जोडलेले असतात.

हे तंतू सगळे सारखे नसतात. कारखान्यातल्या दोन पाळ्यांसारखे त्यांचे असते. काही तंतू अगदी हळू आवाजालाही जागे होतात, पण आवाज वाढला की त्यांची क्षमता संपते. दुसरे तंतू हळू आवाजाकडे ढुंकूनही पाहत नाहीत, पण गोंगाट वाढला की खरे काम त्यांचेच असते. आवाजबंद खोलीतली ‘टूं’ची परीक्षा पहिल्या पाळीचीच होते. दुसऱ्या पाळीतले निम्मे कामगार निघून गेले असले, तरी ऑडिओग्रामवर त्याची खूण उमटत नाही.

हे २००९ मध्ये उघड झाले. अमेरिकेत बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स आय अँड इअर या संस्थेतील शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांना दोन तास १०० डेसिबलचा आवाज ऐकविला. काही दिवसांत उंदरांची हळू आवाज ऐकण्याची क्षमता पूर्ववत झाली. केसपेशीही शाबूत होत्या. पण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा कळले की कानाच्या काही भागांत पेशी आणि तंतू यांच्यातले निम्म्यापर्यंत जोड कायमचे तुटले आहेत. २०११ मध्ये लंडनच्या संशोधकांनी अशा प्रकाराला नाव दिले ‘छुपी श्रवणहानी’.

शिंदे घाटावरच्या त्या कललेल्या देवळाचे असेच आहे. शिखराकडे पाहिले तर सगळे जागच्या जागी दिसते. बिघाड पायात, पाण्याखाली आहे.

उंदरांचे जे झाले तेच माणसांचे होते का? येथे घाई करून चालणार नाही. मृत्यूनंतर दान केलेल्या कानांच्या अभ्यासात वाढत्या वयाबरोबर हे तंतू मोठ्या प्रमाणावर कमी झालेले आढळले, आणि केसपेशी त्यामानाने बऱ्याच टिकून होत्या. पण जिवंत माणसात हे जोड मोजण्याची खात्रीची पद्धत आजही नाही. इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या संशोधकांनी शंभराहून अधिक तरुणांची तपासणी करून २०१७ मध्ये निष्कर्ष मांडले. गोंगाटात जास्त राहिलेल्या आणि कमी राहिलेल्या तरुणांत त्यांना अपेक्षित फरक दिसला नाही. तेव्हा “तुमच्या कानाचे जोड तुटले आहेत” असे कोणी छातीठोकपणे सांगून महागडी औषधे देऊ लागला, तर सावध राहावे. असे जोड पुन्हा जुळविणारे औषध बाजारात नाही. कानात कोमट तेल घालूनही ते जुळत नाहीत.

शिवाय कारणे अनेक असतात. ८००० हर्ट्झच्या वरचे ऐकणे कमी झालेले असू शकते, जे नेहमीच्या तपासणीत मोजलेच जात नाही. कधी मज्जातंतूचा वेगळा आजार असतो. कधी कान चांगले असतात पण मेंदूतली आवाजाची छाननी मंद असते. काही मुलांत हे लहानपणापासून असते. वर्गात मास्तरांनी सांगितलेले अर्धेच कळणारा आणि घरी एकट्याला शिकवले की चटकन समजणारा मुलगा ‘मठ्ठ’ नसतो, हे पालकांनी ध्यानात ठेवावे. आणि वय आहेच. चाळिशी-पन्नाशीनंतर गोंगाटातले ऐकणे ऑडिओग्रामच्या आधी उतरू लागते.

ढोलापुढे पंधरा मिनिटे

कान राखण्याचा एक साधा हिशेब सांगतात. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास, त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८८ला ४ तास, ९१ला २ तास आणि १००ला अवघी १५ मिनिटे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची (सीओईपी) मंडळी गेली अनेक वर्षे विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर आवाज मोजतात. २०२२ साली सरासरी शंभर डेसिबलच्या पुढे गेली होती. १५ मिनिटांत संपणारी मिरवणूक कोणी पाहिली आहे? पथकात ढोल वाजविणाऱ्या मुलामुलींनी कानात फोमचे बोळे घालायला लाजू नये. ताल त्यातूनही ऐकू येतो. कापसाने मात्र फारसे काही अडत नाही.

कायदाही आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० मध्ये आले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही त्यांनी घातलेली मर्यादा. या आकड्यांची चर्चा येथे नको. ज्यांच्या गल्लीत मांडव पडतो त्यांना ते पाठ आहेत.

कोणती तपासणी मागावी?

“ऐकू येत नाही” असे डॉक्टरांना सांगू नका. “शांत खोलीत सगळे समजते, पण चार माणसांत किंवा पंख्याच्या आवाजात शब्द कळत नाहीत,” असे सांगा. या एका वाक्याने तपासणीची दिशा बदलते.

मग गोंगाटात बोलणे समजण्याची चाचणी मागता येते. हेडफोनमधून शब्द किंवा वाक्ये ऐकवतात आणि मागे माणसांची कुजबुज वाढवत नेतात. किती गोंगाटापर्यंत अर्धे शब्द बरोबर येतात ते पाहतात. येथे एक-दोन डेसिबललाही फार किंमत असते. एवढ्या फरकाने कित्येक शब्द कळतात वा हुकतात. चाचणी मातृभाषेत झाली तरच खरी. गरज पडल्यास कानात बारीक मायक्रोफोन ठेवून केसपेशींची आणि डोक्याला तारा लावून मज्जातंतूची तपासणी करतात. दोन्हींत दुखत नाही.

प्रत्येक गावी ही सोय नाही, हे खरे. मुंबईत वांद्र्याला १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, नायर रुग्णालयाचा वाक् व श्रवण विभाग आहे. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था तर साठ वर्षांची जुनी. कानाच्या डॉक्टरांबरोबरच ऑडिओलॉजिस्टला भेटणे येथे महत्त्वाचे.

आणि काही लक्षणांत थांबूच नये. एका कानाचे ऐकणे अचानक गेले, तर त्याच दिवशी, निदान दुसऱ्या दिवशी डॉक्टर गाठावेत. उपचाराला दिवस लावले की कान हातचा जातो. एकाच कानात सतत गुंई आवाज, चक्कर किंवा कानातून पाणी येणे, यांनाही ‘नॉर्मल’ कागद दाखवून गप्प बसवू नये.

घरच्यांच्या हातात बरेच

नॉर्मल ऑडिओग्राम असलेल्या काहींना अगदी सौम्य श्रवणयंत्राचा उपयोग होतो. काहींना बोलणाऱ्याच्या शर्टाला लावायचा छोटा मायक्रोफोन अधिक कामाचा ठरतो, कारण तो आवाज थेट कानाशी आणतो. आधी काही दिवस वापरून पाहावे, मग पैसे मोजावेत.

पण सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे जवळ येणे. मोकळ्या जागी अंतर निम्मे केले की आवाज ६ डेसिबलने वाढतो. भल्याभल्या यंत्रांना गोंगाटात एवढे जमत नाही. वेदपाठशाळेत गुरू आणि शिष्य समोरासमोर, हाताच्या अंतरावर बसतात. कानानेच शिकायची विद्या असलेल्यांनी हे केव्हाच ओळखले होते.

ओरडण्याने मात्र काम बिघडते. गोंगाटात माणूस आपोआप मोठ्याने बोलतो, ही गोष्ट फ्रान्समधील डॉक्टर एतियेन लोंबार यांनी १९११ मध्येच नोंदवली होती. पण ओरडताना फुगतो तो ‘आ’. ‘क’ आणि ‘ख’ तेथेच राहतात. वर चेहऱ्यावर राग दिसतो, आणि ऐकणाऱ्याचे निम्मे ध्यान त्या रागाकडे जाते.

तेव्हा कुकरची शिट्टी होत असताना स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत हाक मारू नये. मिक्सर बंद करून बोलावे. आधी नाव घ्यावे, तोंड दिसेल असे उभे राहावे, मग विषय सांगावा : “गाडीबद्दल विचारतोय.” विषय कळला की मेंदू निम्मे शब्द स्वतःच भरून काढतो. लग्नात स्पीकरपासून दूर, भिंतीला पाठ लावून बसावे, म्हणजे मागचा गलका तरी कमी होतो. आणि एक शब्द दोनदा सांगून कळला नाही, तर तोच तिसऱ्यांदा सांगण्यात अर्थ नाही. शब्द बदलावा. काशीतल्या त्या नवऱ्याने नेमके हेच केले नाही. ‘काठ’ तीनदा ओरडण्याऐवजी ‘पाण्याजवळ’ म्हटले असते, तर पिशवीची गाठ कोणी तपासली नसती.

आता समजा, हे सगळे त्याला कळले आहे आणि मंडळी पुन्हा काशीला आली आहेत. संध्याकाळची वेळ, तोच शिंदे घाट, तोच कल्लोळ. तो वरून हाक मारत नाही. सहा पायऱ्या चढून येतो, बायकोच्या समोर उभा राहतो आणि सांगतो.

“काठ म्हणालात की घाट?”

“दोन्ही नाही. नाव म्हणालो. होडी. आली आहे बघ ती. पुढच्या बाजूला बसू, इंजिन मागे असते.”